प्लायवूडचा जोड आणि त्याची परीक्षा

बारामती व इंदापूर तालुक्यांत आज वाड्यावस्त्यांवरही पक्की घरे उभी राहत आहेत. रमाई आवास योजनेतील घरकुल असो वा नोकरदार माजी विद्यार्थ्याने बांधलेले घर असो, दारे-कपाटांसाठी सागवानाऐवजी प्लायवूड व फ्लश डोअर येतात. मात्र न्हाणीघराचे दार दोन पावसाळ्यांत फुगते, थर सुटतात आणि कष्टाचा पैसा वाया जातो. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली फळी. प्रत्येक थराचे रेषे शेजारच्या थराच्या रेषांना काटकोनात असतात. त्यामुळे फळी सहसा उकलत नाही. परंतु हे सारे बळ थरांमधील चिकटद्रव्यावर अवलंबून असते.

पूर्वी सुतार जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला सरस वापरीत. ती कातडी सोलणाऱ्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले. त्याच सरसाने जोडलेली पेटी मात्र माजघरात नेली. इतिहासाच्या अभ्यासकाने ही विसंगती नोंदवलीच पाहिजे. सरस ओलाव्याने सुटतो. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले. पुढे याच कुळातील राळेमुळे उकळत्या पाण्यातही टिकणारा जोड शक्य झाला. युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ स्वस्त, पण पाण्यापुढे दुबळी असते.

भारतीय मानक आय.एस. १७३४ मध्ये प्लायवूडच्या चाचण्या दिल्या आहेत. एका चाचणीत नमुन्याच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडून तो यंत्रात विरुद्ध दिशांना ओढतात व जोड किती भार सोसतो हे मोजतात. दुसरीत सुरीने थर बळाने विलग करतात. लाकडाचे रेषे तुटून चिकटद्रव्यावर राहिले, तर जोड लाकडाहून बळकट. थर गुळगुळीत सुटला, तर जोड कच्चा. मरीन प्लायचा (आय.एस. ७१०) नमुना ७२ तास उकळून तपासतात.

घरीही ढोबळ परीक्षा करता येते. सुताराकडून कापलेला तुकडा घ्यावा, जुन्या भांड्यात काही तास उकळावा आणि कडेला सुरी घालून पाहावे. तुकडा आपोआप सुटला, तर तो माल न्हाणीघरासाठी घेऊ नये. 'एम.आर.' शिक्क्याचा प्लाय दमटपणा सोसतो. सततचे पाणी नव्हे. आय.एस.आय. चिन्हाखालील परवाना क्रमांक 'बी.आय.एस. केअर' या ॲपवर पडताळता येतो.

शिक्का पाहावा, दुकानदाराचे ऐकावे. परंतु निर्णय पुराव्यावर घ्यावा. वर्गात शिकलेली चिकित्सा घराच्या दारापर्यंत पोहोचली, तरच शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही मानतो.