पतंगाच्या साह्यानें जलविहार

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर उभें राहून पतंग उडविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास मांजा बोटांस कसा ओढतो हें ठाऊक आहे. हीच ओढ पुष्कळ पटींनीं वाढली, तर तिच्या योगें मनुष्य पायांखालीं एक लहानशी फळी घेऊन समुद्राच्या पृष्ठावरून वेगानें जाऊं शकतो. या खेळास काइटसर्फिंग असें म्हणतात.

मूळ कल्पना जुनीच आहे. ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नांवाच्या एका शाळामास्तरांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें होतें. (शिक्षकवर्गांतही असे रसिक निपजतात, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें!) पाण्यावर मात्र अडचण अशी कीं, पतंग एकदां पडला म्हणजे तो पुनः चढविणें कठीण. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनीं १९८४ सालीं हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग योजून ती दूर केली. असा पतंग तरंगतो व पाण्यावरूनच पुनः उडवितां येतो. २०२४ च्या ऑलिंपिक सामन्यांत पतंगाच्या शर्यती मार्सेय येथें प्रथमच झाल्या.

नवशिक्याची समजूत बहुधा अशी असते कीं, फळीवर तोल सांभाळणें हेंच यांतील मुख्य कौशल्य. वस्तुतः फळी ही शेवटची गोष्ट होय. आरंभीं कोरड्या वाळूवर, दोन-तीन चौरस मीटरांचा लहान पतंग घेऊन, वाऱ्याची ओळख करून घ्यावी. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें आणि समोर एक प्रचंड घड्याळ आहे अशी कल्पना करावी: डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. पतंग या कडांवर असतां ओढ सौम्य असते; तो घड्याळाच्या मध्यांतून जाऊं लागला कीं ती एकदम वाढते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर जोर दुप्पट न होतां चौपट होतो. म्हणून १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें २२ ते ३३ किलोमीटर वेगाचा, एकसारखा वाहणारा वारा शिकाऊ मनुष्यास पुरे.

मोठ्या पतंगाच्या दोऱ्या सुमारें २० ते २५ मीटर लांब असून त्या एका आडव्या दांडीस जोडलेल्या असतात. मुख्य भार हातांवर नव्हे, तर कमरपट्ट्यावर येतो. दांडी आपल्याकडे ओढली कीं जोर वाढतो, दूर सारली कीं कमी होतो. आतां भ्यालेल्या मनुष्याचा स्वभाव कसा? हातीं असेल तें तो छातीशीं घट्ट आवळतो; आणि येथें तसें केलें, तर जो झटका टाळावयाचा तोच ओढवून घेतला जातो. आपल्याकडील मुलांस ढील देण्याची विद्या बाळपणींच अवगत असते. ती येथें फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. दांडी सोडूनही न भागलें, तर कमरेजवळील सुटकेची कळ वापरून पतंग निर्बळ करावा. डोळे मिटूनही हात नेमका त्या कळीवर पडावा, इतका हा अभ्यास झाला पाहिजे.

वारा किनाऱ्याला साधारण समांतर, किंचित् भूमीकडे कललेला असावा. भूमीवरून समुद्राकडे वाहणारा वारा दिसावयास गोड, परंतु तो मनुष्यास खोल पाण्यांत नेतो. आषाढांतील कोंकणचा वारा याच्या उलट, पण त्यासवें येणाऱ्या उंच लाटा व वावटळी नवशिक्यास वर्ज्यच. आपल्या देशांत रामेश्वरच्या बेटावर या खेळाचें शिक्षण मिळतें. जवळच्या पाल्कच्या उपसागराचें पाणी उथळ आहे, ही मोठीच सोय. शिक्षकावांचून, किंवा पोहतां येत नसतां, या वाटेस जाऊंच नये.

पाण्यांत उतरल्यावर प्रथम फळीशिवाय, केवळ शरीरानें, पतंगामागें ओढलें जाण्याचा सराव करतात; निसटलेली फळी गांठण्यास हीच युक्ति कामीं येते. मग फळी. पहिल्या दिवसांत शिकाऊ गडी वाऱ्याबरोबर वाहत जाऊन दूर कोठें तरी किनाऱ्यास लागतो व फळी काखेंत मारून पायीं परत येतो. फळीची कड पाण्यांत रुतवून, वारा जिकडून येतो तिकडे तिरपें चढत जाणें साधलें, म्हणजे ही पायपीट संपते.