जुने मॉडेल रेल्वे इंजिन : घ्यावे की सोडावे?

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या जुन्या बंगल्याचे सामान निघते तेव्हा घड्याळे, ग्रामोफोन आणि पितळेच्या भांड्यांबरोबर कधीकधी खेळण्यातील रेल्वे इंजिनही पुढे येते. विकणारा सांगतो, "विलायती माल आहे, साठ-सत्तर वर्षांचा आहे." शौकीन गिऱ्हाईक भेटले तर या मालाला चांगले दाम मिळतात. नाही भेटले तर भांडवल कपाटात पडून राहते. जुन्या मालाचे व्यापारी आणि घड्याळ, शिलाई मशीन व मोटर दुरुस्त करणारे आमचे अनेक वाचक आहेत. त्यांच्यासाठी या आठवड्यात हा एकच विषय घेतला आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे : इंजिनाची किंमत त्याच्या वयावर ठरवू नका, दोषावर ठरवा. दोष तीन प्रकारचे असतात. काही दोष साफसफाईने जातात, काही सुटे भाग घालून जातात आणि काही कधीच जात नाहीत. पैसे मोजण्याआधी दोष कोणत्या प्रकारचा आहे हे कळले, तर निम्मा सौदा तिथेच झाला असे समजावे.

आधी माल ओळखा

आपल्याकडे जुन्या मालात बहुधा इंग्लंडची इंजिने दिसतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली हॉर्नबी नावाच्या गाड्या सुरू केल्या. त्या पत्र्याच्या आणि मोठ्या मापाच्या होत्या. दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर. त्यांतील पुष्कळ इंजिने चावीवर चालत. १९३८ साली याच कंपनीने हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची गाडी काढली. तिच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे. १९५९ पर्यंत डब्लोच्या विजेच्या गाड्या तीन रुळांवर चालत, त्यानंतर दोन रुळांच्या आल्या. १९६४ साली मेकॅनो कंपनी ट्राय-अँगच्या मालकांकडे गेली. ट्राय-अँगच्या प्लॅस्टिकच्या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या होत्या, म्हणून त्यांतील साधी इंजिने जुनी असूनही दुर्मीळ नाहीत. जुने म्हणजे महाग, असा समज करून घेऊ नये.

तीन रुळांचे इंजिन उलटे केले की पोटाखाली मधोमध धातूची पट्टी दिसते. ती मधल्या रुळावरून वीज घेते. अशा डब्लो इंजिनाची दोन्ही बाजूंची चाके धातूनेच एकमेकांना जोडलेली असतात. ते दोन रुळांच्या गाडीवर ठेवले की शॉर्ट होते. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीच्या इंजिनालाही पोटाखाली अशी पट्टी असते, पण ते एसी विजेवर चालते. हॉर्नबी डब्लो आणि ट्राय-अँगची विजेची इंजिने १२ व्होल्ट डीसीवर चालतात. डीसीची मोटर एसीवर लावली तर ती घुरघुरते, तापते आणि जळते. म्हणून नाव वाचल्याशिवाय कुठल्याही इंजिनाला तार लावू नये.

सोबत ट्रान्सफॉर्मर मिळत असेल तर त्यावरील व्होल्टेज वाचावे. अमेरिकेचा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर जळून जाईल. इंग्लंडचा चालू शकतो, पण त्याची वायर कडक होऊन चिरलेली असेल तर बदलल्याशिवाय प्लगमध्ये घालू नये.

जो दोष जात नाही, तो सर्वांत आधी बघा

इंजिनाचे धड पुष्कळदा जस्ताच्या ओतीव धातूचे असते. या धातूत शिशाचा थोडासा अंश मिसळला गेला असेल तर काही वर्षांनी तो आतूनच फुगतो, चिरतो आणि भुगा होऊ लागतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग अधिक आढळतो. दमट हवेत तो लवकर वाढतो, त्यामुळे मुंबई-कोकणातील मालाची तपासणी जास्त काळजीने करावी.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. कड नखाने दाबली तर कण सुटतात. इंजिन काचेवर ठेवले तर चारही कोपरे टेकत नाहीत, कारण धड वाकलेले असते. चाके फिरत नसतील तर तेल सुकले आहे, असे लगेच गृहीत धरू नका. धड फुगून धुरा आवळला गेला असेल.

या रोगाला इलाज नाही. डिंक, सोल्डर, रंग यांनी तो झाकला जातो, बरा होत नाही. असे इंजिन घ्यायचेच असेल तर चाके, मोटर आणि खोका या सुट्या भागांच्या किमतीत घ्यावे. चालत्या इंजिनाचे दाम देऊ नयेत.

मोटरची परीक्षा

दुकानात रूळ मांडलेले नसतात, म्हणून आम्ही एक साधा उपाय सुचवतो. सहा पेन्सिल सेल एकामागे एक जोडून ९ व्होल्टची बॅटरी करावी आणि तिला दोन वायरी लावाव्यात. दोन रुळांच्या डीसी इंजिनात एक वायर डाव्या चाकाला, दुसरी उजव्या चाकाला टेकवावी. तीन रुळांच्या डब्लोत एक वायर मधल्या पट्टीला आणि दुसरी चाकाला. मोटर चांगली असेल तर चाके फिरतील आणि वायरी उलट केल्या की उलट दिशेने फिरतील.

मोटर फिरली नाही म्हणून माल टाकाऊ होत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने तेल गोंदासारखे चिकटते, कम्युटेटरवर काजळी बसते, कार्बन झिजतात, त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात. हे सर्व शिलाई मशीनच्या मोटरीत रोज दिसणारेच दोष आहेत आणि कारागिराच्या हातून तासाभरात निघतात.

मोटर फिरते पण लवकर तापते, जोर धरत नाही, बोटाच्या दाबाने थांबते, अशी लक्षणे असतील तर चुंबकाकडे बघावे. जुन्या इंजिनातील चुंबक काळाने कमजोर होतात. मोटर उघडून आर्मेचर बाहेर काढून ठेवले तर आणखी कमजोर होतात. चुंबकाला पुन्हा जोर देता येतो, पण त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि तो खर्च धरावा लागतो. जळकट वास येत असेल तर आर्मेचरचे वाइंडिंग गेले आहे. ते नव्याने भरता येते, मात्र तार फार बारीक असते. हात बसलेला वाइंडर जवळपास आहे का, याचा विचार आधी करावा.

चावीच्या इंजिनात चावी हळूहळू फिरवून बघावी. मुळीच ताण लागत नसेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा सुटली आहे. पूर्ण चावी देऊन इंजिन हातात धरून मोकळे सोडू नये. चाके भरधाव फिरून दाते तुटण्याची भीती असते.

रंग, स्क्रू आणि खोका

संग्रह करणारे गिऱ्हाईक असल मालाला दाम देते. जुना रंग थोडा उडालेला असला तरी चालतो. नव्याने मारलेल्या चकचकीत रंगाने मात्र किंमत उतरते. आपल्या व्यापारातील सवय अशी, की माल आला की तो घासून लख्ख करायचा. इथे ती सवय नुकसान करते. थिनर किंवा पेट्रोलने पुसले तर अक्षरे आणि रेघा निघून जातात. मऊ ब्रशने धूळ काढणे पुरे.

स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसल्या तर इंजिन पूर्वी उघडले गेले आहे असे समजावे. मूळ खोका असेल तर किंमत वाढते, पण खोक्यावरील नंबर आणि आतील इंजिन जुळते का ते पाहावे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून असा माल लहान मुलांच्या खेळासाठी देऊ नये आणि तो घासण्याचे काम मुलांना सांगू नये.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. चालती मॉडेल गाडी कशी दिसते आणि तिचा आवाज कसा असतो, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याने एकदा तिथे जाऊन यावे.

हिशेब उलटा मांडा

विक्रीच्या किमतीपासून मागे यावे. समजा, ठरलेले गिऱ्हाईक ५,००० रुपये देईल अशी खात्री आहे. त्यातून दुरुस्तीचे ७००, येण्याजाण्याचे ३००, स्वतःच्या मजुरीचे ६०० आणि नफ्याचे ५०० वजा केले की २,९०० उरतात. यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी ठरवावे. कारागीर बहुधा स्वतःची मजुरी धरत नाहीत आणि मग नफा झाला असे म्हणतात. तो नफा नसतो, फुकट केलेले काम असते.

वेळही मोजावा. वरील सौद्यात ३,९०० रुपये गुंतले. हेच पैसे रोजच्या मालात महिन्याला १०० रुपये देत असते, तर दोन वर्षांत २,४०० झाले असते. इंजिन दोन वर्षांनी विकून मजुरीसह हाती ११०० येतात. शिवाय जो साहिबे-निसाब आहे, त्याला व्यापाराच्या मालावर दरवर्षी त्या दिवसाच्या बाजारभावाने अडीच टक्के जकात काढावी लागते. म्हणून गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नसेल तर असा माल उसन्या पैशाने कधीही घेऊ नये.

विकणारा आणि घेणारा, दोघांचा हक्क

या धंद्यात एक नाजूक जागा आहे. घरमालक वारला, मुले शहरात गेली, घरातील बाई इंजिनाला खेळणे समजून शंभर रुपयांत देते आणि व्यापाऱ्याला त्याची खरी किंमत ठाऊक असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजारभाव कळण्याआधीच शहराबाहेर गाठून सौदा करण्यास मनाई केली आहे. असा सौदा झालाच, तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा हक्क माल विकणाऱ्याला दिला आहे. ज्याला भाव माहीत नाही त्याच्या अज्ञानावर नफा उभा करू नये, हा त्यातील धडा आहे. भाव सांगा, आपला खर्च सांगा आणि मग मोलभाव करा. त्यात नफा कमी होईल, पण त्या घरचे पुढचे सामानही तुमच्याचकडे येईल.

विकतानाही तेच. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढला आणि तो वर का ठेवला नाहीस, असे व्यापाऱ्याला विचारले, हे आपण सर्व जाणतो. चिरलेल्या धडावर रंग मारून विकणे हे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्यासारखेच आहे. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीअतने गिऱ्हाइकाला दिला आहे. "सर्व दोषांसह विकले" अशी अट घालण्याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, तेव्हा आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. सर्वांत सोपे म्हणजे पावतीवरच दोष लिहावा : मोटर चालते, चुंबक कमजोर, रंग मूळ, खोका नाही.

माल कुठून आला हेही विचारा आणि विकणाऱ्याची सही घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हराम आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हाही आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी पाठवण्याची बोलणी करण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

एवढे तपासून धड साबूत, दोष दुरुस्त होण्याजोगा, गिऱ्हाईक ठरलेले आणि दाम हिशेबात बसणारे असेल तर बिस्मिल्लाह म्हणून घ्यावे. यातील एकही गोष्ट कमी असेल तर सलाम करून पुढच्या दुकानात जावे. सोडलेल्या मालाने आजवर कोणाचे दिवाळे काढलेले नाही.