मोबाईलचा खेळ आणि अप्रमादाचा मार्ग

प्रत्येक बुद्धवंदनेत आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलात मद्याचा उल्लेख येतो आणि त्याला जोडूनच 'पमादट्ठान' हा शब्द येतो. वंदना घाईने म्हणताना या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. पमाद म्हणजे प्रमाद, गाफीलपणा. आणि ठान म्हणजे स्थान. मद्य त्याज्य का, तर ते माणसाला गाफील करणारे स्थान आहे म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला दीक्षा देताना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने कष्टकऱ्याच्या संसाराचे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी जवळून पाहिले होते.

आज आणखी एक प्रमादस्थान आपल्या खिशात येऊन बसले आहे. त्याला वास येत नाही, त्याने तोल जात नाही; म्हणून घरच्यांच्या ते लवकर ध्यानात येत नाही. हे प्रमादस्थान म्हणजे मोबाईलवरील खेळ, ज्याला मुले 'गेम' म्हणतात. खेळ मुळात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. कॅरमचा डाव संपतो, बुद्धिबळाचा डाव संपतो, आणि खेळणारे उठून आपापल्या कामाला लागतात. मोबाईलवरील पुष्कळसे खेळ मात्र संपू नयेत अशाच बेताने रचलेले असतात.

खेळ मनाला कसा धरतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठराविक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा खाऊन थोडे थांबते. पण दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेमच नसेल, तर ते न थांबता चोच मारीत राहते. स्किनर व फर्स्टर यांचा या विषयावरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. खेळातील अचानक मिळणारे बक्षीस याच तत्त्वावर चालते.

२०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश सागा' या खेळाचे उदाहरण घ्या. त्यात पाच 'जीव' मिळतात. ते संपले की एक जीव परत मिळण्यास अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजा किंवा मित्रांकडे मागा. म्हणजे खेळ बंद असतानाही मन त्या अर्ध्या तासाकडेच लागून राहते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. व्हिएतनाममधील डोंग न्गुयेन या तरुणाने २०१३ साली 'फ्लॅपी बर्ड' हा साधा खेळ तयार केला. बोटाने टिचकी मारून पक्ष्याला नळांच्या फटीतून न्यायचे, एवढेच. पक्षी आदळला की डाव संपला, आणि पुन्हा टिचकी मारली की नवा सुरू. या खेळाने जगभर लोकांना वेड लावले. जाहिरातींतून भरपूर पैसा येत असतानाही फेब्रुवारी २०१४ मध्ये न्गुयेन याने तो स्वतःहून मागे घेतला. फावल्या वेळात चार मिनिटे खेळावे म्हणून केलेली वस्तू लोकांचे व्यसन झाली, हे त्याचे कारण होते. सगळेच निर्माते असे वागणार नाहीत. तेव्हा थांबण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावरच येते.

साखळी कोठे तुटते?

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात दुःखाची साखळी सांगितली आहे. तिच्यातील चार कड्या येथे पाहू. मोबाईल किणकिणतो, पडदा उजळतो. हा फस्स म्हणजे स्पर्श. त्याने बरे वाटते, ही वेदना. आणखी हवे असे वाटते, ही तण्हा. मग त्यावाचून चैन पडत नाही, हे उपादान. पहिल्या दोन कड्या खेळ बनविणाऱ्याच्या हाती असतात. वेदना आणि तण्हा यांच्यामधली जागा मात्र आपल्या हाती आहे.

खेळ बंद केल्यावर होणारी तगमग हीसुद्धा वेदनाच होय. ती उठते, वाढते आणि ओसरते. विपश्यनेला बसलेल्यांना हा अनुभव नवा नाही. ती ओसरेपर्यंत तिच्याकडे नुसते पाहत राहणे, हा सोडण्याचा पहिला धडा आहे.

व्यसन कशाला म्हणावे?

खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन लक्षणे दिली आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. इतर कामांपेक्षा खेळ मोठा वाटू लागतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते. साधारणपणे वर्षभर असे चालले व त्यामुळे घर, शिक्षण किंवा नोकरी यांची हानी झाली, तर तो विकार समजावा.

सोडण्याचे पाच उपाय

मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल विचार दूर करण्याचे पाच उपाय भिक्षूंना सांगितले आहेत. ते आपल्यालाही उपयोगी पडणारे आहेत.

१) सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, तसा एक विचार दुसऱ्या चांगल्या विचाराने काढावा. ज्या वेळी हात मोबाईलकडे जातो, त्या वेळेला दुसरे काम नेमून द्यावे. वाचन, फिरणे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणे. एक खेळ सोडून दुसरा धरणे म्हणजे खुंटी बदलणे नव्हे.

२) विचारातील धोका पाहावा. त्यासाठी हिशेब मांडावा. रोज ३ तास म्हणजे वर्षाला १,०९५ तास. रोज ८ तास अभ्यास धरला, तर हे १३६ दिवस होतात, म्हणजे साडेचार महिने. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. आपल्या बहुतेक मुलांजवळ वडिलोपार्जित इस्टेट नाही, मोठ्यांच्या ओळखी नाहीत. वेळ हेच त्यांचे भांडवल आहे.

३) नको ते दिसू नये म्हणून डोळे मिटावेत. खेळ मोबाईलमधून काढून टाकावा, त्याच्या सूचना बंद कराव्यात, अभ्यासाच्या वेळी व रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

४) विचाराच्या मुळाशी जाऊन त्याचा वेग कमी करावा. घाईने चालणारा माणूस 'मी घाई का करतो?' असे विचारून सावकाश चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, असा दृष्टान्त सुत्तात आहे. 'मी का खेळतो?' असे स्वतःला विचारावे. परीक्षेतील अपयश, बेकारी, एकटेपणा, घरातील टोमणे यांपैकी काही उत्तर निघेल. मूळ सापडले की वेळ थोडा थोडा कमी करीत आणणे सोपे जाते.

५) एवढ्याने न भागल्यास दात-ओठ आवळून मनाला आवरावे.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दात-ओठ आवळणे हा उपाय शेवटचा आहे, आणि तो स्वतःच्या मनावर करावयाचा आहे. आपण मोठी माणसे मुलावर ओरडतो, मोबाईल हिसकावतो, प्रसंगी मारतो. म्हणजे सुरुवातच शेवटाकडून करतो. पहिले चार उपाय मुलाबरोबर बसून करावे लागतात.

पैशाचा खेळ

बँकेत पासबुकावर नोंदी छापून देताना १०, ४९, ९९ रुपयांच्या ओळीच ओळी कधी कधी आमच्या नजरेस पडतात. रक्कम लहान असल्याने खातेदाराला ती बोचत नाही. महिन्याची बेरीज मात्र बोचते. सिगालोवाद सुत्तात जुगार हे संपत्तीनाशाच्या सहा द्वारांपैकी एक मानले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु फुकटचे खेळ राहणारच, आणि त्यांत जाणारा वेळ कोणताही कायदा परत आणणार नाही.

संस्थेचे कर्तव्य

वर्गणी काढून चालविलेल्या अभ्यासिकांत दाराशी मोबाईल ठेवण्याची पेटी असावी. वर्षावासाच्या प्रवचनांत हा विषय घ्यावा. ज्याला एकट्याने सोडणे जमत नाही, त्याला हिणवू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सोडलेला खेळ एखाद्या दिवशी पुन्हा हाती येईल. त्याने खचून जाऊ नका. आपण शील एकदाच घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेला ते पुन्हा ग्रहण करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठरवा, वहीत तारीख लिहा आणि अभ्यासाला बसा.

नमो बुद्धाय! जयभीम!