जुनी मोटार आणि रविवारचा ताप

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी सोमवारी सकाळी दवाखान्यात आले. आदल्या रात्री थंडी वाजून ताप आलेला, अंग मोडून आलेले, घसा कोरडा. पावसाळ्याचे दिवस, म्हणून रक्त तपासले. मलेरियाचे जंतू सापडले नाहीत. तापाच्या गोळ्या दिल्या, मंगळवारी गुरुजी ठणठणीत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी ते आले तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. दोन वेळा औषध दिले, पण विचारायचा प्रश्न विचारलाच नव्हता.

"गुरुजी, रविवारी तुम्ही करता तरी काय?"

"गाडीचं काम, डॉक्टर. वडिलांची फियाट आहे ना, 1967 ची. मुलगा वेल्डिंगचं मशीन घेऊन आला आहे. खालचा पत्रा सगळा सडला होता, तो बदलतोय."

"पत्रा कुठला वापरता?"

"शेडवर घालून उरलेला होता, तोच."

उत्तर मिळाले. छपराच्या जी.आय. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जस्ताचा पांढरा धूर होतो. पावसामुळे गुरुजींनी शेडला चारही बाजूंनी ताडपत्री लावली होती. हा धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि एक-दोन दिवसांत सारे आपोआप उतरते. रोज हे काम करणाऱ्यांच्या अंगवळणी हा धूर पडतो. सुट्टीनंतर मात्र पुन्हा ताप येतो. गुरुजींचे काम आठवड्यातून एकदाच, म्हणून ताप दर खेपेला. अर्थात पावसाळ्यातल्या तापात रक्त तपासलेच पाहिजे. पण धाप लागली, छातीत दुखले किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर घरी थांबू नये.

वाचकहो, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांनी आपल्या कित्येक घरांतल्या वराती आणि बाळंतिणी वाहिल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. अशी गाडी घरी पुन्हा उभी करावीशी वाटणे चांगलेच आहे. परंतु गॅरेजातला मिस्त्री जी काळजी घेतो, तीही घरी आणली पाहिजे.

गुरुजींच्या घरी मी मुद्दाम गेलो, आणि खरी काळजी मला तेथे वाटली. अंगणात जुना रंग ग्राइंडरने खरवडून काढला होता. त्याची भुकटी ओट्यापर्यंत पसरली होती आणि त्या ओट्यावर गुरुजींचा तीन वर्षांचा नातू खेळत होता. हात भुकटीने भरलेले आणि तोंडात बोट.

जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर 2016 च्या नियमाने दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा घातली. पण मोटारीचे रंग त्यात येत नाहीत, आणि साठ-सत्तर सालच्या रंगाबद्दल तर शंकाच धरावी. शिसे लहान मुलांच्या आतड्यातून मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते. रक्त कमी होते, पोट दुखते, बद्धकोष्ठ होतो. पण पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही आणि मेंदूच्या वाढीवर मात्र परिणाम होतो. लोह व कॅल्शियम कमी असलेल्या मुलात ते जास्तच शोषले जाते. नातवाचे रक्त तपासणीला पाठवले. जागतिक आरोग्य संघटना 5 मायक्रोग्रॅमच्या पुढे कारण शोधून ते दूर करा असे सांगते. त्याचे प्रमाण त्याहून वर निघाले. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून पुढील गोष्टी पाळा.

1. जुना रंग कोरडा घासू नका. हाताने, पाणी लावून पॉलिश पेपरने घासा. पाण्याजवळ विजेचे यंत्र वापरू नका. राड फडक्याने टिपून घ्या. झाडू मारू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा.

2. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवा. कामाचे कपडे बाहेरच उतरवा आणि वेगळे धुवा. साबणाने हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटसुद्धा नको.

3. ठिगळाला साधा, मुलामा नसलेला पत्रा घ्या. वेल्डिंग मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

4. वेल्डिंगचा झगझगाट उघड्या डोळ्यांनी पाहिला की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. दूध, बटाट्याचा कीस असे काही घालू नका. बधिर करणारे थेंब स्वतः आणून वापरू नका. त्याने जखम भरत नाही. जवळ उभे राहून बघणाऱ्यांनाही हा त्रास होतो.

5. ग्राइंडर चालवताना चष्मा हवाच. डोळ्यात कण रुतला तर रुमालाच्या टोकाने काढू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

6. पत्रा लागून जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, माती व शेणात असतात. पण जुन्या गाडीखाली मातीला काय तोटा? मळलेली जखम असेल आणि इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्या.

7. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांचा आधारही नको, विटा फुटतात.

8. हार्डनर मिसळून फवारायचा रंग घरी मारू नका. त्यातील आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. हे काम बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या पेंटरकडेच द्या.

गुरुजींनी सारे ऐकले. अंगण धुऊन काढले, नातवाला दोन महिने आजोळी पाठवले, लोहाचे औषध सुरू केले. दसऱ्याच्या सुमारास केलेल्या दुसऱ्या तपासणीत शिसे कमी झाले होते. तपासणी अजून चालूच आहे. रंग पेंटरकडून मारून घेतला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा मला पेढे आले.

तुमच्या घरीही असे काही काम चालले असेल तर ताप आल्यावर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.