शाळेचा जुना ॲम्प्लिफायर आणि मोबाईलची टरटर

परिपाठाला मूल माईकसमोर उभं राहतं आणि स्पीकरमधून 'टर्र-टर्र' सुरू होतं. मूल बिचारं गोंधळतं. लगेच कुणीतरी म्हणतं, "मशीन गेलं, नवीन घ्या!" जरा थांबा. बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं.

माईकची लांब वायर अँटेनासारखी रेडिओलहरी पकडते. आतला पहिला ट्रान्झिस्टर त्या लहरींचा ऐकू येणारा आवाज करून टाकतो. टू-जी मोबाईल बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, तीच ही टरटर.

आधी मोबाईल दोन-तीन मीटर लांब ठेवून बघा. तरी आवाज राहिला तर माईकची पिन काढा. आवाज थांबला? मग दोष वायरचा. तांब्याची जाळी असलेली शील्डेड वायर घ्या, शक्य तितकी आखूड. जाळी पिनेच्या बाहेरच्या भागाला नीट जोडलेली हवी (इथंच बहुतेक ठिकाणी घोळ असतो). मशीनजवळ फेराइटच्या कड्यातून वायरचे पाच-सहा वेढे काढा.

पिन काढूनही आवाज येत असेल तर काम मेकॅनिककडे द्या. झाकण स्वतः उघडू नका, मुलांना तर नाहीच. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.