चार्जरची ऐपत

अरे बाळा, चार्जर लावलेला असूनही लॅपटॉपची बॅटरी उतरते म्हणालास, म्हणून आत्या सांगते ते ऐक. लगेच नवा चार्जर घेऊ नकोस. त्यावर छापलेले वॅट ही त्याची ऐपत. प्रत्यक्षात हातावर किती ठेवतो, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी चार्जरवरची बारीक अक्षरं टॉर्च धरून वाच. ‘आउटपुट’पुढे ५, ९, १५, २० व्होल्ट अशा जोड्या असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॅट. २० व्होल्टची जोडीच नसेल, तर त्यावर बरेचसे लॅपटॉप रखडतात. चार्जरला दोन-तीन तोंडं असतील तर तपासताना मोबाइल काढून ठेव, नाहीतर वाटणी होते.

मग केबल. बहुतेक वेळा घोडं इथंच अडतं. टाइप-सीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसांत बोलून व्होल्ट-अँपिअर ठरवतात, आणि केबलला किती झेपतं तेही पाहिलं जातं. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. ५ अँपिअर हवे असतील तर केबलमध्ये तिची ओळख सांगणारी चिप लागते. चार्जर १०० वॅटचा आणि केबल साधी, की गाडी साठावरच थांबली. मी एकदा चांगला चार्जर खराब म्हणून बाजूला टाकला होता. आठवड्याने केबल बदलली, तर तो ठणठणीत निघाला. तेव्हापासून आधी केबल बदलून बघते.

मोजायला चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायचं छोटं टाइप-सी मीटर मिळतं. २० व्होल्ट, ५ अँपिअर सोसणारंच घे. बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असताना, लॅपटॉपवर काम चालू ठेवून आकडा बघ. भरत आलेली बॅटरी मुद्दाम कमी घेते. नव्वद टक्क्यांवर मोजून चार्जरला नावं ठेवू नकोस. मीटर ५ व्होल्टवरच अडून बसलं, तर बोलणी जमलेली नाहीत. लॅपटॉपचं दुसरं पोर्ट वापरून बघ, सगळीच चार्जिंगची नसतात.

मीटर नसेल तर? मॅकच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पॉवर’खाली चार्जरचे वॅट दिसतात, पण ती ठरलेली कमाल मर्यादा आहे, त्या क्षणीचा प्रवाह नव्हे. लिनक्सवर ‘यूपॉवर’ बॅटरीत जाणारे किंवा तिच्यातून निघणारे वॅट दाखवतं. चार्जर काढून बघ, समज १२ वॅट खर्च होतात. लावून बघ, ३० वॅट आत जातात. काम तेच ठेवलंस तर चार्जर साधारण ४२ वॅट देतोय. भिंतीच्या सॉकेटवरचं वॅटमीटर याहून जास्त दाखवेल, कारण चार्जर तापण्यात जाते ती वीजही त्यात धरली जाते.

आणि केबलचं टोक हाताला चटका देण्याइतकं तापलं, तर मोजत बसू नकोस, आधी बटण बंद कर.

माझं मीटर कपाटात वरच्या खणात आहे. सुट्टीला आलास की ने. प्रत्येक वेळी वहीत लिही: कुठला चार्जर, कुठली केबल, बॅटरी किती टक्के, वॅट किती. आकडे घेऊन आलास की दोघं मिळून बघू.