धोरण कसे आखले जाते? पीक विम्यावरून एक धडा



शासनाची योजना गावात येते तेव्हा आपल्याला अर्ज, मुदत व रक्कम एवढेच दिसते. त्यामागचे धोरण कसे ठरले, हे सहसा कोणी सांगत नाही. पुस्तकात धोरणाचे पाच टप्पे दिलेले असतात : प्रश्न निश्चित करणे, पर्याय तपासणे, निर्णय घेणे, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. प्रत्यक्षात हे टप्पे इतके सरळ चालत नाहीत. पीक विम्याच्या उदाहरणावरून हे पाहू.

१) प्रश्न आणि पर्याय

पीक बुडाले तर शेतकऱ्याला आधार हवा, हा प्रश्न स्पष्ट होता. पण नुकसान मोजायचे कसे, हा खरा पेच होता. प्रत्येकाचे शेत वेगळे मोजावे, हा पहिला पर्याय. गुजरातेत १९७२-७३ मध्ये एच-४ कापसासाठी तो वापरला गेला व पुढे आणखी काही राज्यांत नेला गेला. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांकडून ४.५४ लाख रुपये हप्ता जमा झाला. भरपाई मात्र ३७.८८ लाख रुपये द्यावी लागली.

अशा वैयक्तिक विम्यात तीन अडचणी असतात. ज्याला धोका जास्त तोच विमा घेतो, विमा घेतल्यावर काळजी कमी होण्याची शक्यता असते आणि प्रत्येक शेताची पाहणी फार खर्चिक पडते. म्हणून पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्र पद्धत सुचविली. सारखी जमीन व सारखा पाऊस असलेला परिसर एक घटक धरावा आणि त्याचे सरासरी उत्पन्न घटले तर सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा तिचा आशय होता.

२) निर्णय

या पद्धतीवर १९७९ मध्ये प्रायोगिक आणि १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना सुरू झाली. विमा पीक कर्जाला जोडला गेला. त्यामुळे धोका कमी असलेलेही विम्यात आले व हप्ता गोळा करणे सोपे झाले. पण बिगर कर्जदार बराच काळ बाहेर राहिला. कर्जदारांवरील सक्ती अखेर २०२० च्या खरिपापासून उठली.

३) अंमलबजावणी

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागील ७ पैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढतात. तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. समजा, आपल्या मंडळाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी २० क्विंटल व जोखीमस्तर ७० टक्के आहे. उंबरठा उत्पन्न १४ क्विंटल झाले. यंदाचे उत्पन्न १०.५ क्विंटल आले तर तूट ३.५ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असल्यास १२,५०० रुपये भरपाई बसते.

आता दुसरी बाजू पाहा. उत्पन्न २० वरून १५ क्विंटलवर आले तर पाव पीक गेले, तरी या हिशेबाने भरपाई शून्य. आपले शेत ओढ्याकाठी असून पूर्ण वाहून गेले, पण मंडळाची सरासरी १५ राहिली, तरीही या हिशेबात काही बसत नाही. ही कारकुनी चूक नव्हे. मोजणी स्वस्त व्हावी म्हणून जो घटक निवडला, त्याचाच हा परिणाम आहे.

४) मूल्यमापन

ही उणीव भरण्यासाठी २०१६ च्या योजनेत प्रमुख पिकांना गाव किंवा ग्रामपंचायत हा लहान घटक धरण्याचे ठरले आणि स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पाहणी ठेवली. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा दिला. अर्ज सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. त्यात बोगस अर्जही आढळले. २०२५ च्या खरिपात ही सवलत बंद झाली व स्थानिक आपत्तीची तरतूदही राज्याने वगळली. जुनी अडचण पुन्हा पुढे आली. धोरण असे पुढे-मागे होत राहते.

५) आपण काय करावे?

• प्रत्येक हंगामात नवा शासन निर्णय पाहावा. गेल्या वर्षीच्या तरतुदी यंदा असतीलच असे नाही.
• आपल्या पिकाचा विमा घटक, उंबरठा उत्पन्न व जोखीमस्तर कृषी कार्यालयातून लिहून घ्यावा.
• ई-पीक पाहणीत प्रत्यक्ष पेरलेलेच पीक नोंदवावे.
• गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतकऱ्यांनी हजर राहावे. प्लॉट, वजन व ओलावा यांची नोंद बरोबर होते का, हे पाहावे.
• घटक मोठा वाटत असल्यास ग्रामसभेत ठराव करून उत्पन्नाच्या आकड्यांसह पाठवावा. नुसत्या तक्रारीपेक्षा लेखी आकडे मूल्यमापनात अधिक उपयोगी पडतात.

धोरण मुंबई-दिल्लीत आखले जात असले तरी ज्या आकड्यावर आपली भरपाई ठरते, तो आपल्याच शिवारात वजनकाट्यावर मोजला जातो. त्या काट्याजवळ आपण असणे आवश्यक आहे.